मोठी लाट आली की हात का थांबतात

ताई, तुम्ही प्रश्न नीट मांडलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. या ताई लातूरला बँकेत नोकरी करतात. पोहायला शिकल्या त्या औशाकडच्या आपल्या गावी, विहिरीत. कर्नाटकच्या किनाऱ्यावर दोनदा जाऊन त्यांनी सर्फिंगचे पाच-पाच दिवसांचे कोर्स केलेत. कमरेएवढ्या लाटेवर त्या उभ्या राहतात. लाट छातीच्या वर गेली की मात्र पॅडल मारता मारता, म्हणजे बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मागे सारता सारता, ऐनवेळी हात थांबतात आणि बोर्ड मागे ओढला जातो. मागच्या खेपेला एका लाटेने त्यांना खाली घेतलं, वर कुठे नि खाली कुठे हेच कळेना, तेव्हापासून हे सुरू झालं. त्यांचं म्हणणं असं: विहिरीच्या तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणारी मी, मला पाण्याची भीती कशी वाटते? धाडस वाढवायचं कसं? लातुरात राहून सराव काय करू? आणि पुढची सुट्टी नोव्हेंबरात घेऊ की एप्रिलात?

मी मूळचा जिंतूरकडचा. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर नवशिक्यांना शिकवतो, मिरग जवळ आला की पेरणीसाठी गावी येतो. विहिरीत पोहायला शिकलेले आणि समुद्रात बिचकणारे असे आपल्याकडचे बरेच जण माझ्या हाताखालून गेलेत, त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे.

उत्तराचं एक टोक तुमच्या प्रश्नातच आहे. गाळ आणायला जायचात तेव्हा तुम्ही काठावर उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचात, मग सूर मारायचात. खाली कधी जायचं, वर कधी यायचं, दोन्ही तुमच्या हातात होतं. पाणीही हलत नव्हतं. समुद्रात लाट खाली नेते ती तिच्या वेळेला. श्वास अर्धाच घेतलेला असतो, अंग वाकडंतिकडं पडलेलं असतं. म्हणजे पाण्याखाली राहायची सवय तुम्हाला आहे, स्वतः न ठरवता पाण्याखाली जायची नाही. सराव करायचा तो या दुसऱ्या गोष्टीचा. पडल्यावर काय होतं हे अंगाला पाठ झालं की धाडस वेगळं आणावं लागत नाही. मोठ्या लाटेवर उभं राहण्याचा सराव करून भीती गेलेली मी फारशी पाहिली नाही. मोठ्या लाटेखालून शांतपणे वर येण्याचा सराव करून गेलेली मात्र खूपदा पाहिली.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. वर्षातून दोनदा, पाच-पाच दिवस येणाऱ्याची प्रगती किनाऱ्यावर राहणाऱ्या पोराएवढी होणार नाही. प्रत्येक खेपेचे पहिले दोन दिवस जुनं परत मिळवण्यातच जातात आणि ते तसे जाऊ द्यावेत. किनाऱ्याचा तळ कसा आहे, वाळूचा की खडकाचा, यावर पडण्याची किंमत ठरते. मी इथे जे सांगतोय ते वाळूच्या तळासाठी आहे, खडकाळ जागी नवशिक्याने मोठी लाट घेऊच नये. आणि पोहण्याचा दम किती, यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. तलावात न थांबता तीन-चारशे मीटर पोहता येत असेल आणि त्यानंतर काठ न धरता पाच मिनिटं तरंगत गप्पा मारता येत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तसं नसेल तर आधी ते करा.

मोठी लाट म्हणजे नेमकं काय बदलतं ते समजून घ्या, त्याने निम्मा गोंधळ मिटतो. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मीटरची लाट दोन मीटरची झाली की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून कमरेवरून खांद्यावर जाताना ‘थोडीशीच तर मोठी आहे’ असं डोळ्यांना वाटतं आणि अंगाला मात्र वेगळाच दणका बसतो. तुमचं अंग खोटं बोलत नव्हतं.

दुसरी गोष्ट खोलीची. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट खोल पाण्यात फुटते. कमरेएवढी लाट फुटते तिथे तुमचे पाय टेकतात. खांद्याएवढी लाट फुटते तिथे पाणी डोक्यावरून जातं, पायाखाली काही लागत नाही. बऱ्याच जणांची भीती इथे सुरू होते आणि ते दोष लाटेला देतात. खरं तर या खोलीचा फायदाही आहे. पडल्यावर तळाशी आपटायची शक्यता कमी होते. मानेला इजा होण्याचा धोका गुडघाभर पाण्यात डोक्यावर पडणाऱ्याला जास्त असतो. म्हणून लाट लहान असो की मोठी, पडताना कधीही सूर मारायचा नाही. विहिरीत शिकलेल्यांना हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपल्या अंगात सूर मुरलेला असतो. बाजूला किंवा पाठीवर, पसरून, आडवं पडायचं, बोर्डाच्या पुढे पडायचं नाही.

तिसरं म्हणजे फुटण्याची जागा लांब जाते. तिथवर पॅडल मारत जाईपर्यंत खांदे भरून येतात आणि नेमकं तेव्हाच लाट समोर उभी राहते. दम गेलेल्या माणसाला कुठलीही लाट मोठीच दिसते. ‘मला भीती वाटते’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी दहा मिनिटं बोर्डावर नुसतं बसवून ठेवतो. श्वास जाग्यावर आला की बऱ्याचदा तोच म्हणतो, चला, घेऊ एक.

आता तुम्हाला गडबडवून टाकलेल्या त्या क्षणाकडे येऊ.

लाट फुटून वरून कोसळते तेव्हा पाण्यात हवा मिसळते. तो पांढरा फेस म्हणजे पाणी आणि हवा यांचं मिश्रण. साध्या पाण्यापेक्षा तो हलका, म्हणून तो तुम्हाला उचलून धरत नाही. त्यात हातपाय मारले तर पकडायला काही मिळत नाही. समुद्राचं खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यात माणूस जास्त सहज तरंगतो, पण फेस विरून जाईपर्यंत थांबावं लागतं. तुम्ही त्या वेळी धडपडलात ती फेसात. धडपडीने श्वास लवकर संपतो आणि वर यायला मदत काहीच होत नाही.

करायचं ते असं. पडताना तोंड मिटा, नाकातून थोडी थोडी हवा सोडत राहा म्हणजे नाकात पाणी जाणार नाही. दोन्ही हात डोक्याभोवती घ्या, कोपरं चेहऱ्यासमोर. अंग सैल सोडा, लाटेला तुम्हाला फिरवू द्या. मनात सावकाश मोजा. फिरणं मंदावलं की डोळे उघडा, मीठ झोंबेल पण उजेड कुठून येतोय ते दिसेल. तेही दिसलं नाही तर पायाला ओढ कुठून लागतेय ते पाहा. लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, तुमच्या घोट्याला बांधलेली आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बोर्ड आहे. बोर्ड तरंगतो. म्हणजे ओढ ज्या बाजूची, वर त्या बाजूला. वर येताना एक हात डोक्याच्या वर ताठ ठेवा, कारण ताणलेली लीश कधीकधी बोर्ड परत तुमच्याकडेच फेकते. आणि वर आल्या आल्या बोर्ड शोधू नका, आधी समुद्राकडे बघा. पुढची लाट येतेय का हे कळलं की बाकी सगळ्याला वेळ आहे.

हे किती वेळ चालतं? इथे एक काम करा. किनाऱ्यावरच्या सोबत्याला फोनवर चित्रीकरण करायला सांगा आणि वर आल्यावर, ते बघायच्या आधी, स्वतःचा अंदाज सांगा. माझे विद्यार्थी सांगतात पंधरा सेकंद, वीस सेकंद. चित्रीकरणात डोकं गायब झाल्यापासून परत दिसेपर्यंत बहुतेक वेळा चार-पाच सेकंद भरतात, खांद्याएवढ्या लाटेतसुद्धा. अंबाजोगाईकडचा एक मुलगा हे तीनदा बघूनही मानेना, चौथ्यांदा त्याने पाण्याखाली स्वतःच मोजलं आणि ‘सर, पाचच झाले’ असं ओरडत वर आला. त्यानंतर तो बदलला. जी मुलगी विहिरीच्या तळाला जाऊन गाळ उकरून वर येते ती त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ पाण्याखाली राहिलेली असते. हा आकडा तुमच्या स्वतःच्या लाटेचा तुम्हाला मिळायला हवा, मी सांगून उपयोग नाही.

आता सराव. कमरेएवढ्या पाण्यात, बोर्ड न घेता, प्रशिक्षकासोबत उभं राहायचं. मी समुद्राकडे तोंड करून उभा असतो, विद्यार्थ्याचं तोंड किनाऱ्याकडे. एरवी समुद्राकडे पाठ करायची नाही हा आमचा पहिला नियम. तो फक्त इथे मोडायचा, तोही कुणीतरी समोर बघत असताना. मी लाटा बघून ठरवतो आणि मध्येच म्हणतो, ‘आली’. विद्यार्थ्याने जो असेल तेवढ्या श्वासावर गुडघ्यात दुमडून खाली बसायचं आणि फेसाला स्वतःला लोळवू द्यायचं. सुरुवातीला मी आधी सांगतो, मग उशिरा, मग अगदी लाट पाठीवर आल्यावर. पहिल्या वेळी मुठी आवळलेल्या असतात, हनुवटी वर गेलेली असते. आठ-दहा लाटांनंतर हात मोकळे पडतात आणि वर येणारा माणूस केस मागे सारून पुढच्या ‘आली’ची वाट बघत असतो. हा खेळ तुमच्या पुढच्या खेपेच्या पहिल्या दिवशी अर्धा तास करा. प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा की मला आज लाटा नकोत, हे हवंय. चांगला प्रशिक्षक आनंदाने करेल.

त्यानंतर एकदम छातीवरची लाट नको. मध्ये एक पायरी आहे, ती फार कमी लोक वापरतात. मोठ्या लाटांच्या दिवशी लांब फुटलेल्या लाटेचा फेस किनाऱ्याकडे येतो, तो गुडघ्या-कमरेएवढा असतो आणि तुमच्या नेहमीच्या छोट्या लाटेच्या फेसापेक्षा कितीतरी जोरात ढकलतो. तिथे पाय टेकतात. एक अख्खा दिवस त्या फेसावर उभं राहण्यात घालवा. वेगाची सवय इथे होते, खोलीची भीती मध्ये न येता.

दुसरी पायरी नुसतं आत जाऊन परत येण्याची. किनाऱ्यावर अर्धा तास बसून लाटा बघा. त्या एकसारख्या येत नाहीत. काही मोठ्या लाटांचा सेट येतो, मग थोडा वेळ शांत जातो. अनुभवी लोक कुठून आत जातात ते बघा, जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी बाहेर वाहतं तिथून ते जातात. शांत वेळ साधून त्याच वाटेने प्रशिक्षकासोबत बाहेर जा, बोर्डावर बसा, मोठी लाट बाजूने फुटताना बघा आणि एकही लाट न घेता परत या. खांद्याएवढी लाट समोरून भिंतीसारखी दिसते, बाजूने बघितली की तिला उतार दिसतो, कडा दिसते, कुठे चढायचं ते दिसतं. वाटेत फेसाची लाट अंगावर आलीच तर बोर्डाच्या कडा घट्ट धरून उलटं व्हायचं, बोर्ड छातीवर, लाट वरून जाऊ द्यायची आणि परत सुलटं. हे उलटणं तलावात शिकता येत नाही, पण छोट्या लाटेत एका सकाळी येतं. ते आल्याशिवाय बाहेर जायची घाई नको.

पाणी बाहेर वाहणाऱ्या त्या वाटेबद्दल एक सावधगिरी. तुम्हाला नेणारा प्रवाह तुम्हाला नको असतानाही नेतो. कधी त्यात सापडलात तर त्याच्या विरुद्ध, सरळ किनाऱ्याकडे पोहायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही. किनाऱ्याला समांतर सरकत राहायचं, प्रवाह अरुंद असतो. कर्नाटकातल्या मुल्कीसारख्या नदीमुखाजवळच्या जागी ओहोटीच्या वेळी नदीचं पाणीही बाहेर ओढतं, तिथे वेळ बघूनच उतरावं.

आता हात थांबण्याचं. लाट पकडणं हे धावत्या एसटीत चढण्यासारखं आहे. गाडीच्या वेगाने दोन पावलं पळायचं आणि मग दांडा धरायचा. उभ्याउभ्या दांडा धरणारा फरपटत जातो. लाट बोर्डाची शेपटी उचलते तेव्हा तुमचा वेग तिच्या जवळपास असला पाहिजे. तुम्ही त्याच क्षणी हात थांबवता, वजन मागे जातं, लाट पुढे सरकते आणि तुम्ही तिच्या फुटणाऱ्या कडेवर अडकता. म्हणजे जिथे सगळ्यात जोरात आपटणार नेमक्या तिथेच. बाहेरून हा भित्रेपणा दिसत असेल, पण मी त्याला तसं म्हणत नाही. अंग स्वतःला वाचवायला जातं आणि चुकीची जागा निवडतं.

यावर माझा नियम असा: ‘नाही’ म्हणायचा हक्क पूर्ण आहे, पण तो आधी वापरायचा. लाट येताना दिसली की ठरवा. पॅडल सुरू करून तीन हात मारेपर्यंत मन बदललं तर उठून बसा, बोर्डाचं नाक वर उचला, लाट खालून जाऊ द्या. अशा लाटा मुद्दाम सोडायचाही सराव करा, त्याने आपल्या हातात लगाम आहे हे कळतं. तीन हात झाले की मात्र माघार नाही. लाट लागली असं वाटल्यावर आणखी दोन हात जोरात, नजर लाट जिकडे अजून फुटलेली नाही तिकडे, आणि उठा. पडलात तरी वेगात पडता, कडेवरून उलटे होत नाही. घाईच्या क्षणी मनात वाद घालायला जागाच उरू नये म्हणून हा आकडा आधी ठरवायचा. माझ्यासाठी तीन बरोबर बसतो, तुमच्या बोर्डाला चार लागतील. तो तुमच्या प्रशिक्षकासोबत ठरवा.

बोर्ड बदलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अनेकांना वाटतं की मोठी लाट म्हणजे छोटा बोर्ड. आठ-नऊ फुटांचा फोमचा बोर्ड लवकर लाट पकडतो, उठायला वेळ देतो आणि डोक्याला लागला तरी कमी लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लाट मोठी घेताय ना, मग बोर्ड तोच, जागा तीच, प्रशिक्षक तोच.

लातुरातला सराव. आठवड्यातून तीन दिवस तलावात जा. पोहताना शेवटचे दोन-तीन फेरे दम लागलेल्या अवस्थेत, न थांबता. मग पाण्याखाली एक कोलांटी घ्या, नाकातून हवा सोडत, आणि वर यायच्या आधी डोळे उघडून उजेड शोधा. जमलं की दोन सलग. पहिल्या दिवशी चक्कर आल्यासारखं होतं, आठवडाभरात अंग सरावतं. त्या गडबडलेल्या क्षणावर इतकं नेमकं औषध दुसरं नाही.

श्वास रोखण्याचा सराव मात्र फक्त जमिनीवर, पडून किंवा चालत. पाण्यात करायचा नाही. आणि जोरजोरात भराभरा श्वास घेऊन मग डुबी मारायची, ही जी आपल्याकडे पोरांची पैज असते, ती कधीच नको. त्याने शरीरात प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो त्या वायूमुळे. इशारा मिळतच नाही आणि माणूस पाण्यात बेशुद्ध होतो, आवाजही न करता. चांगले पोहणारे असेच जातात.

गावी विहिरीत उतरणार असाल तर एकट्याने नको, काठावर पोहता येणारं माणूस हवं. उतरण्याआधी पाणबुडी मोटरचा स्टार्टर नुसता बंद नको, वीज तोडलेली आहे याची खात्री करा. वायर झिजलेली असली तर पाण्यात करंट उतरतो. धरणात किंवा गोदावरीच्या डोहात सरावाला जाऊ नका. गाळ, झुडपं, अचानक वाढणारं पाणी, यातलं समुद्रासाठी काहीच कामाचं नाही आणि धोका भरपूर आहे.

घरी सतरंजीवर तुमच्या बोर्डाच्या रुंदीएवढी पट्टी आखा आणि पॉप-अप करा. पालथं पडून छाती उचलून पॅडल, मग एका झटक्यात दोन्ही पाय खाली. रोज थोडेच, पण दमलेल्या अंगाने, म्हणजे दंड-बैठका किंवा सूर्यनमस्कार घातल्यावर लगेच. समुद्रात तुम्ही ताज्यातवान्या नसणारच. शाळेत खो-खो खेळला असाल तर ते इथे कामाला येतं. खो मिळाला की विचार न करता उठायची सवय असलेल्या मुली माझ्याकडे बोर्डावर सगळ्यात लवकर उभ्या राहतात. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या मुलींच्या पायांत हे आहेच.

जायच्या आठवड्यात लाटांचा अंदाज बघायला शिका. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे, उंची आणि दोन लाटांमधले सेकंद. नवशिके फक्त उंची बघतात. सहा सेकंदांची १.२ मीटरची लाट आणि चौदा सेकंदांची ०.८ मीटरची लाट यांत ताकद जवळजवळ सारखीच असते, वर दुसरी उथळ पाण्यात आल्यावर जास्त उंच उठते. आणखी एक. अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एक मीटर लिहिलंय म्हणजे अधूनमधून पावणेदोन-दोन मीटरचीही येणार. ती आली की ‘अंदाज चुकला’ असं नव्हे. तुम्ही आधीच धरून चालायचं.

काही भीती ऐकायची असते, तीही सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्याने पाण्यात उतरायचं नाही, यात चर्चा नाही. लाल झेंडा असेल, पाण्यात दुसरं कुणी नसेल, अंधारून येत असेल, खांदे भरून आले असतील, तर बाहेर या. सोबतचे ‘घे की एक’ म्हणत असले तरी. शेवटची लाट दमलेल्या हातांनी घेतली आणि आपटलं, तर पुढच्या खेपेपर्यंत अंगाच्या लक्षात तीच राहते. म्हणून ताकद शिल्लक असताना थांबायचं आणि शेवटची लाट छोटी, सोपी, उभी राहून घेतलेली असावी.

घरचे काळजीने नको म्हणतात असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना एकदा तलावावर न्या आणि तुम्ही काय करता ते दाखवा. त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्ण बुडून शांतपणे वर आलात की बोलणं सोपं होतं.

सुट्टीचं असं करा. शक्य असेल तर दोन तुकडे. नोव्हेंबरात पावसाळी खळबळ ओसरलेली असते, लाटा मध्यम आणि सकाळी पाणी नीटस असतं. तेव्हा पाच दिवस या आणि छातीवरची लाट घ्यायचीच नाही असं ठरवून या. फेसातला ‘आली’चा सराव, बोर्ड उलटणं, मोठा फेस, बाहेर जाऊन परत येणं, एवढंच. डिसेंबर ते फेब्रुवारी तलाव आणि सतरंजी. मग मार्च अखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला परत या. त्या दिवसांत लांबच्या दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून आपल्याकडे पोचतात, वारा नसतानाही त्या उंच आणि स्वच्छ असतात. पहिले दोन दिवस जुनंच करा. तिसऱ्या दिवशी, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, प्रशिक्षकाला म्हणा की मला छातीएवढी एक लाट हवी आहे, ती निवडून द्या आणि तीन हात मोजा. एकच सुट्टी मिळणार असेल तर नोव्हेंबर घ्या. आणि कुठल्या किनाऱ्यावर जाताय ते इथे लिहा, तिथला तळ आणि भरती-ओहोटी बघून दिवसाची वेळ सुचवतो.